रानातली रासबेरी आंबट का निघते, आणि गोड कुठे मिळते

प्रश्न असा आहे: जगभरात रानात उगवणारी रासबेरी आणि तिच्या नात्यातली फळे यांतली खाण्याजोगी कोणती, ती ओळखायची कशी, आणि एकदा रानात तोडून खाल्लेली रासबेरी आंबटढाण निघाली असेल तर या फळांचे एवढे कौतुक कशासाठी?

ही झुडपे हुडकण्यात आणि चाखण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. तुमची रासबेरी आंबट निघाली त्यात जातीचा दोष बहुधा नव्हता. ती एक-दोन दिवस आधी तोडली गेली असेल, सावलीतल्या झुडपाची असेल, किंवा लागोपाठ पाऊस पडून गेला असेल. दोन जातींच्या चवीत जेवढा फरक असतो तेवढाच फरक एकाच जातीच्या दोन झुडपांत सापडतो, कधी एकाच घोसातल्या दोन फळांतही. त्यामुळे एक फळ खाऊन एखाद्या जातीला नावे ठेवणाऱ्याचे मी फारसे मनावर घेत नाही.

आता ओळख. ही सगळी मंडळी गुलाबाच्या कुळातल्या रूबस वंशातली. एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात. प्रत्येकाचा एक इवला रसाळ दाणा होतो, त्यात एक कठीण बी असते, आणि असे दाणे एकमेकांना चिकटून ‘फळ’ बनते. फळ ओढल्यावर आतला पांढरा गाभा झाडावरच राहिला आणि हातात पोकळ टोपी आली तर ती रासबेरी. गाभ्यासकट तुटले तर ब्लॅकबेरी. रंगावर भिस्त ठेवू नका. काळ्या आणि पिवळ्या रासबेरी सर्रास असतात, आणि कच्ची ब्लॅकबेरी लालच दिसते. गाभ्याच्या नियमालाही अपवाद आहेत. कोलंबिया-इक्वेडोरच्या अँडीज डोंगरांतली मोरा दे कास्तिया रासबेरीच्या गटात धरली जाते, पण तोडली की गाभा बरोबर घेऊन येते.

रूबसचे फळ खाऊन विषबाधा होत नाही. यावरूनच ‘दाणेदार फळ दिसले की बिनधास्त खा’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो मला धोकादायक वाटतो, कारण रूबससारखे दिसणारे सगळेच काही रूबस नसते. यातले सर्वांत वाईट नाव म्हणजे कोरिआरिया. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात, म्हणजे स्पेन, दक्षिण फ्रान्स, मोरोक्को या पट्ट्यात, कोरिआरिया मिर्टिफोलिया या झुडपाची काळी फळे ब्लॅकबेरी समजून खाल्ली जातात आणि खाणाऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, फेफऱ्यासारखे झटके येतात. हिमालयात याच वंशाचे कोरिआरिया नेपालेन्सिस हे झुडूप पिवळ्या रासबेरीच्याच टापूत वाढते. न्यूझीलंडमध्ये याच वंशातले ‘तुतू’ आहे, त्याच्या विषाने गुरेही दगावली आहेत. फरक ओळखणे अवघड नाही, फक्त फळाकडे पाहायच्या आधी पानाकडे पाहायची सवय हवी. कोरिआरियाची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, कडा सरळ असतात, बुडापासून टोकाकडे ठळक समांतर शिरा जातात, आणि अंगावर एकही काटा नसतो. रूबसची पाने एकाआड एक येतात, कडा करवतीसारख्या दातेरी असतात आणि बहुतेक जातींना काटे किंवा राठ केस असतात. फळात मोजके पाचच फुगीर दाणे दिसले आणि पाने समोरासमोर असली तर हात मागे घ्या.

दुसरे नाव गोल्डनसील, उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या सावलीच्या जंगलातले. फूटभर उंचीच्या बिनकाट्याच्या रोपावर, पानाच्या डोक्यावर एकच लाल दाणेदार फळ बसलेले असते. दिसते हुबेहूब रासबेरीसारखे, पण ते खाण्याचे नाही.

आता पिकलेपण. माझ्या मते सगळी विद्या इथेच आहे. रासबेरी तोडल्यावर पिकत नाही. घरी ठेवली तर रंग गडद होईल, अंग मऊ पडेल, पण साखर वाढणार नाही. म्हणजे गोडीचा निकाल झाडावरच लागतो. दुकानातल्या रासबेरीची अडचणही हीच आहे: प्रवास सोसावा म्हणून ती थोडी आधी तोडावी लागते. रानात तुम्हाला ती घाई नाही. तीन बोटांत फळ अलगद धरा आणि किंचित हलवा. पिकलेले फळ ओढावे लागत नाही, ते हातात उतरते. जोर लावावा लागला तर सोडून द्या, उद्या या. ब्लॅकबेरीची खूण वेगळी आहे. चकचकीत काळी ब्लॅकबेरी दिसायला देखणी असते, पण तिला अजून एक-दोन दिवस हवे असतात; चकाकी जाऊन अंग मंद झाले, दाणे फुगले, की ती खरी तयार. घोसाच्या टोकाचे फळ आधी पिकते, ते सर्वांत मोठे असते आणि बहुधा सर्वांत चवदारही. हंगामाच्या शेवटी येणाऱ्याला उरलीसुरली बाजूची फळे मिळतात आणि तो म्हणतो, यात काही राम नाही.

उन्हाचाही वाटा मोठा. त्याच जातीचे सावलीतले झुडूप पाणचट फळ देते, शेजारच्या उघड्या उतारावरचे गोड. दोन दिवस मुसळधार पाऊस झाला की चव फिकी होते आणि बुरशीही लगेच धरते. मी दव सुकल्यावर, पण ऊन तापायच्या आत तोडतो. तिथल्या तिथे खायची असतील तर मात्र दुपारची उन्हात तापलेली फळे घ्या, त्यांचा वास जास्त खुलतो.

चाखायची एक पद्धत सांगतो. पहिले फळ चावू नका. जिभेने टाळूवर दाबून फोडा, तोंड मिटा आणि श्वास नाकावाटे सोडा. जिभेला फक्त गोड-आंबट-तुरट कळते. रासबेरीपण नाकात असते. मग दुसरे फळ चावून बिया फोडा. आता कडवटपणा आणि तुरटपणा किती ते कळेल. गर उत्तम आणि बिया त्रासदायक अशा जाती पुष्कळ आहेत, त्यांचा न्याय दोन टप्प्यांतच करता येतो. एका झुडपावर थांबू नका. एकमेकांपासून लांबची चार-पाच झुडपे चाखा, मग मत बनवा.

दोन माणसांचे रासबेरीवर एकमत होत नाही, त्यामागे काही वेळा आवडीपेक्षा नाक असते. रासबेरीच्या वासात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक रासबेरी कीटोन, जो किलोभर फळात अवघा काही मिलिग्रॅम असतो, आणि दुसरी आयोनोन नावाची द्रव्ये, ज्यांना व्हायोलेट फुलांसारखा वास असतो. यातले बीटा-आयोनोन बऱ्याच लोकांना धड ओळखताच येत नाही, आणि तो फरक ओआर५ए१ या वास-ग्राहकाच्या जनुकात असतो. तुमच्या सोबत्याला ज्या फळात फुलांचा सुगंध आला ते तुम्हाला नुसते आंबटगोड लागले, तर वाद घालण्यात अर्थ नाही.

आता जगाची फेरी. सगळ्या जाती सांगणे शक्य नाही. युरोपातल्या ब्लॅकबेरीच्याच शेकडो सूक्ष्म जाती वनस्पतिशास्त्रज्ञांनी वेगळ्या काढल्या आहेत, कारण ती झाडे पुष्कळदा फलनाशिवाय बी धरतात आणि प्रत्येक वाण जसाच्या तसा पसरत राहतो. खाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

सुरुवात नेहमीच्या लाल रासबेरीपासून. युरोप आणि उत्तर आशियात रूबस आयडियस, उत्तर अमेरिकेत तिची सख्खी बहीण रूबस स्ट्रायगोसस. दोन्ही रानात बागेतल्यापेक्षा लहान, निम्म्या आकाराच्याही असतात, पण वास दाट. अमेरिकेच्या पूर्व भागातली काळी रासबेरी, रूबस ऑक्सिडेंटॅलिस, मला लाल रासबेरीहून उजवी वाटते. फांद्यांवर बोटाने पुसता येणारी निळसर-पांढरी पूड असते, फांदी कमानीसारखी वाकून टोक जमिनीला टेकते आणि तिथेच मुळे धरते. फळ लहान, बिया जास्त, पण चवीत एक गडद, मुरंब्यासारखा भारदस्तपणा आहे. तिच्याकडे ब्लॅकबेरी समजून दुर्लक्ष होते याचे वाईट वाटते. तोडून पाहिली की आतून पोकळ.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, सॅमनबेरी मिळते. गडद गुलाबी फूल आणि नारिंगी किंवा लाल फळ. ती सगळ्यांच्या आधी, मे-जूनमध्ये पिकते, आणि तिचे अर्धे कौतुक त्या लवकर येण्याचेच असावे. बऱ्याच झुडपांची फळे पाणचट असतात, मध्येच एखादे झुडूप असे निघते की पाय हलत नाही. कुठल्या रंगाचे गोड, यावर तिथले लोक हमरीतुमरीवर येतात. मला रंगाचा आणि गोडीचा भरवशाचा संबंध कधी दिसला नाही. किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी वसंतात तिचे कोवळे कोंबही सोलून खात आले आहेत.

त्याच भागात, आणि पूर्वेला सुपीरियर सरोवराच्या काठी, थिंबलबेरी आहे. मेपलसारखी मोठी मऊ पाने, पांढरी फुले, काटे अजिबात नाहीत. फळ चपट्या टोपीसारखे आणि इतके मऊ की बोटांतच मोडते, म्हणून ते बाजारात सहसा येत नाही. चव आंबटगोड आणि एकदम ठसठशीत. मिशिगनच्या किवीनॉ द्वीपकल्पात तिचा जॅम प्रसिद्ध आहे. फळाइतकीच साखर घालून थोडा वेळ उकळले की जॅम आपसूक धरतो.

आर्क्टिकच्या आसपास दोन रत्ने आहेत, दोन्ही वीतभर उंचीची. पहिली क्लाउडबेरी, दलदलीत वाढणारी, एका देठावर एकच फळ. नर आणि मादी रोपे वेगळी असतात, त्यामुळे फुलांनी पांढरे झालेल्या दलदलीत फळ एकही नाही असेही होते. इथे पिकल्याची खूण उलटी आहे: लाल आणि टणक म्हणजे कच्चे, पिवळट-नारिंगी आणि मऊ म्हणजे पिकलेले. नवखे लोक नेमके लाल तोडतात. चव मधासारखी, किंचित आंबलेली, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला ती नेहमीच रुचते असे नाही. मला स्वतःला ती ताजी ठीक वाटते, साय आणि साखरेबरोबर फार आवडते. तिच्यात बेंझोइक आम्ल नैसर्गिकरीत्या असल्याने ती टिकतेही छान. फिनलंडच्या 2 युरोच्या नाण्यावर हीच आहे.

दुसरी आर्क्टिक रासबेरी, रूबस आर्क्टिकस, फिनलंडमध्ये ‘मेसिमार्या’. गुलाबी फुले, गडद लाल इवले फळ, एका फेरीत मूठभर मिळाले तरी नशीब. या सगळ्या वंशात सर्वोत्तम कोण असे विचारले तर मी हिचेच नाव घेईन. पिकलेल्या फळाचा वास आधी येतो आणि फळ मागाहून सापडते. त्या वासामागचे एक द्रव्य, मेसिफ्युरेन, याच फळाच्या नावावरून ओळखले जाते; स्ट्रॉबेरीतही ते असते.

आशियात विविधता सर्वांत जास्त. हिमालयातली पिवळी रासबेरी, रूबस एलिप्टिकस, कुमाऊँ-गढवालमध्ये ‘हिसालू’ आणि नेपाळात ‘ऐंसेलु’. तीन गोलसर पर्णिका, फांदीवर दाट तांबूस राठ केस, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला सोनेरी फळांचे घोस. गोडी भरपूर, आंबटपणा बेताचा, बिया लहान. तोडल्यावर काही तासांत लगदा होतो, म्हणून ती झाडाजवळ उभे राहूनच खायची. रूबस निवियस, म्हणजे म्हैसूर रासबेरी, हिमालयापासून दक्षिणेतल्या डोंगरांपर्यंत आढळते. फांद्या पांढुरक्या, फळ लाल होऊन मग जांभळे-काळे होते. थंडीची गरज नसणाऱ्या मोजक्या रासबेरींपैकी ही एक, त्यामुळे उष्ण प्रदेशांत ती लावली गेली, आणि नंतर तिने डोके वर काढले. जपानमध्ये रूबस पामेटस फांदीखाली लोंबणारी केशरी-पिवळी फळे देते, नाजूक आणि सौम्य गोड. कोरियातल्या ‘बोकबुंजा’ या रासबेरीची दारू प्रसिद्ध आहे. जपान, कोरिया, चीनमधली वाइनबेरी मात्र नुसती पाहण्यासाठीही शोधावी: सगळ्या अंगावर चिकट लाल केस, आणि फळ पिकेपर्यंत त्याच केसाळ कवचात बंद. फळ लालभडक, काचेसारखे, चव हलकी आंबटगोड. खायला मजा येते, पण खोली नाही.

रूबस रोझिफोलियस, गुलाबासारख्या पानांची उष्ण प्रदेशातली रासबेरी, आशिया-ऑस्ट्रेलियातून ब्राझील आणि हवाईपर्यंत पोचली आहे. दिसते अप्रतिम, लागते पाण्यासारखी. युरेशियातल्या जंगलातली रूबस सॅक्सॅटिलिस दोन-चार चमकदार लाल दाण्यांची, फार आंबट, सरबताला बरी. हवाईची स्वतःची ‘आकाला’ प्रचंड मोठे फळ देते, काटे जवळजवळ नाहीत, पण चवीत कडवट झाक येऊ शकते. मोठे ते गोड असा हिशेब या वंशात कुठेच लागत नाही.

शोधायचे कुठे? गर्द जंगलात नाही. वणवा लागून गेलेली जागा, तोडलेले जंगल, कोसळलेल्या मोठ्या झाडाने मोकळी केलेली फट, रानवाटेची कड. या झाडांच्या बिया मातीत अनेक वर्षे निपचित पडून राहतात आणि ऊन आले की उठतात. मोकळी जागा झाल्यावर काही वर्षे बहर असतो, मग वरची झाडे वाढतात आणि सावलीत फळ संपते; म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या माहितीवर जाऊ नका. लाल-काळ्या रासबेरीची आणि ब्लॅकबेरीची काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. यंदाच्या हिरव्यागार, बिनफुलांच्या काठ्या कुठे दाट आहेत ते पाहून ठेवले की पुढच्या वर्षीची जागा आजच ठरते.

काळजीच्या दोन-तीन गोष्टी. जिथे या वनस्पती तण मानल्या जातात तिथे त्यांच्यावर तणनाशक मारतात. ऑस्ट्रेलियात ब्लॅकबेरी आणि अमेरिकेच्या वायव्य भागात तथाकथित हिमालयन ब्लॅकबेरी ही नेहमीची उदाहरणे. ही दुसरी मूळची आर्मेनिया-इराणकडची. अमेरिकेत ती 1885 मध्ये ल्यूथर बरबँकने आणली. पाने पिळवटलेली, एका बाजूने पिवळी पडलेली दिसली तर तिथले काही खाऊ नका. फळात अळ्या असू शकतात, रासबेरी भुंग्याच्या किंवा ठिपकेदार पंखांच्या ड्रोसोफिला माशीच्या. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की बाहेर येतात, आणि खाल्ल्या गेल्या तरी बिघडत नाही. मध्य युरोपात कोल्ह्यांच्या फीतकृमीची भीती घातली जाते. फळांतून लागण होते याचा पुरावा तोकडा आहे, पण तो आजार गंभीर असल्याने जमिनीलगतची फळे धुऊन, शक्यतो शिजवून घ्या. घरच्या फ्रीजरने त्या कृमीची अंडी मरत नाहीत.

कायदाही पाहून घ्या. स्वीडन-फिनलंडमध्ये रानफळे तोडण्याचा हक्क सर्वांना आहे. नॉर्वेच्या उत्तर भागात मात्र जमीनमालक क्लाउडबेरी तोडायला मनाई करू शकतो, जागेवर बसून खाण्यापुरती मोकळीक असते.

तोडलेली फळे उथळ भांड्यात दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नका, खालची चिरडतात. धुवायची ती खाण्याच्या वेळीच. बियाळ जातींचे फळ थोडे गरम करून चाळणीतून गाळले की नुसता गर मिळतो, आणि झाडावर नकोशी वाटलेली बरीच फळे इथे कामी येतात. उरलेला चोथा कुठे टाकता ते तेवढे बघा. वाइनबेरी 1890 च्या सुमारास संकरासाठी अमेरिकेत नेली गेली आणि आता पूर्वेकडची जंगले व्यापून बसली आहे; हिसालू हवाईत आणि म्हैसूर रासबेरी गालापागोसमध्ये डोकेदुखी झाली आहे. अशा ठिकाणी पोटभर खा, हवी तेवढी तोडा, पण बियांचा चोथा उकळल्याशिवाय बागेत किंवा खताच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका.